सासऱ्याचं कापड

चरईत मासे खाणारं एकही घर असं नव्हतं, जे बाळकुमच्या सगुणा कोळणीला ओळखत नव्हतं. आरडाओरडा नाही, घासाघीस नाही. दारात पाटी उतरवायची, वरचं ओलं फडकं बाजूला करायचं आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत गप्प बसायचं, एवढाच तिचा व्यापार. कोळीण म्हटली की तोंडाची टकळी आलीच, असं मानणाऱ्या लोकांची तिच्यापुढे पंचाईत व्हायची. बाकीच्या कोळणी म्हणायच्या, हिने तोंडात मिठाची गुळणी धरलेय ती जन्माची.

हातात मात्र कोपराकडे सरकणारा हिरवा चुडा आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. ते ज्याच्या नावाचं, तो दामाजी एक्याऐंशी साली दिवाळीआधीच्या वादळात गेला. खाडीचे मासे तोवर रॉकेलसारखे वासायला लागले होते, म्हणून तो उत्तनकडच्या एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागलेला. ट्रॉलर फुटला. तिघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, दामाजीचं लागलं नाही. मागे उरले त्याचा म्हातारा बाप गोमाजी, बायको सगुणा आणि लेक मंजुळा. मंजुळेला पुढे बेलापूरला दिली आणि घरात सासरा नि सून अशी दोनच माणसं राहिली.

सगुणा तेव्हा रडली नाही. बातमी आली त्या दिवशी नाही, पुढेही नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल हळूहळू. सगुणाही वाट बघत होती. पण रडू काही आलं नाही. पहाटे टेम्पोत बसून धक्क्यावर जायचं, माल घ्यायचा, उन्हं चढेपर्यंत चरई फिरायची, घरी येऊन म्हाताऱ्याला भात वाढायचा, याच्यात ते जे काही रडू असेल ते कुठेतरी सुकून गेलं. लोक विसरले. सगुणा विसरली नाही. नवऱ्यासाठी आपल्याला रडता आलं नाही, ही गोष्ट तिने चोरीच्या मालासारखी लपवून ठेवली.

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. दामाजीची बारा वर्षं त्र्याण्णव साली भरली. दामाजीला मुलगा नव्हता, म्हणजे अग्नी द्यायचा तो बापानेच. गोमाजी ऐंशीच्या घरातला. ओट्यावर बसून तो सुनेला म्हणायचा, “सगुने, माझे हात चालतान तवर माझ्या पोराला मोकला कर गो. मी गेलो तं त्याला कोन पेटवल?”

आणि सगुणा म्हणायची, “करू ना आबा. कौलं शाकारून होऊ दे.” कौलं शाकारून झाली. मग होळी होऊ दे. मग मंजुळेचं बाळंतपण होऊ दे. मग तिच्या पोराचं जावळ होऊ दे. असं करता करता पंच्याण्णव उजाडलं. गाव म्हणे, बिचारीला अजून आशा आहे. आशा कसली डोंबलाची! तिला भीती होती. पुतळा अंगणात ठेवला की गावच्या बायका जमणार, गळे काढणार, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या कोरड्या डोळ्यांवर येणार. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागलाय हे तिला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि आत पोचणं वेगळं. तिच्या आत बरीच वर्षं काही पोचत नव्हतं.

चरईतल्या शुभदाताई कर्णिक ही तिची जुनी गिऱ्हाईक. सकाळच्या शाळेत मराठी शिकवायच्या. कायस्थांचं घर, म्हणजे कोलंबीशिवाय बुधवार-शुक्रवार सुने. पण ताईंना कोलंबी सोलता यायची नाही, बोटाला काटा लागायचाच. म्हणून ठरून गेलं होतं की शुक्रवारी सगुणाने मोरीपाशी बसून कोलंबी सोलून द्यायची, आणि ताईंनी स्टुलावर बसून तिला वाचून दाखवायचं. मास्तरीण ती मास्तरीण. समोर माणूस बसला आणि शिकवलं नाही, तर त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. सगुणा ऐकतेय की नाही हे कळायला मार्ग नव्हता, पण उठून जात नव्हती एवढं खरं.

त्या वर्षी ताईंनी वाचनालयातून एक नवी कादंबरी आणली. जुनी ग्रीक गोष्ट एका बाईंनी नव्याने लिहिलेली.

“तुझ्यासाठीच आणलंय, सगुणा,” ताई म्हणाल्या. “एक राजा लढाईला जातो, समुद्रात भरकटतो. राणी वीस वर्षं त्याची वाट बघते. मूळच्या गोष्टीत तो परत येतो, बरं का. आता या बाईंनी काय केलंय ते बघायचं. हल्लीचे लेखक शेवट बदलतात.”

राणीचं नाव लांबलचक होतं. सगुणाने तिला नुसतं राणी केलं आणि प्रश्न मिटवला.

“तिकडं कोली हान का?” तिने विचारलं.

“बेटंच आहेत गं नुसती. सगळे दर्यावरचेच.”

“मंग ठीक.”

पुस्तक शुक्रवारच्या शुक्रवारी पुढे सरकू लागलं. राजा गेला म्हणताना राणीच्या वाड्यावर मागणी घालणारे शंभर जण येऊन बसले, आमच्यातला एक निवड म्हणाले आणि तोवर तिच्याच शेळ्या कापून खाऊ लागले.

“शंभर जनांचं रांधायचा कोनी?” सगुणाने विचारलं. ताई हसल्या. सगुणा हसली नाही, तिने खरंच विचारलं होतं. तिच्या वाट्याला असा एकच आला होता, बर्फाच्या कारखान्यातला सीताराम. पाट लावतो म्हणाला, आधी दामाजीचं उरकून घे म्हणाला. सगुणाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दोन वर्षं थांबून त्याने कळव्याची बायको केली. वाईट वाटायला हवं होतं, पण त्या दिवशी सुरमई चढ्या भावाची होती आणि ती खपवण्यात दिवस गेला.

मग एका शुक्रवारी ते पान आलं. राणी मागणीवाल्यांना सांगते, माझा सासरा म्हातारा झालाय, त्याच्या मरणाचं कापड विणायला घेतलंय, ते पुरं झालं की तुमच्यातला एक निवडीन. दिवसभर ती मागावर बसते आणि रात्री सगळं उसवून टाकते. कापड काही पुरं होत नाही.

ताई वाचायच्या थांबल्या. त्यांनी चष्मा काढला. “काय निष्ठा आहे बघ सगुणा. किती वर्षं बाई उसवत राहिली!”

सगुणाचे हात थांबले होते. तिचे हात थांबलेले ताईंनी कधी बघितले नव्हते.

“आनी म्हातारा?” सगुणा म्हणाली.

“कोण म्हातारा?”

“ज्याचं ता कापड.”

ताईंनी पान मागे उलटलं. “तो… तो लांब शेतावर राहतो कुठेतरी.”

“त्याला ठावं हाय, सून रातचं उसवते ता?”

“तसं काही लिहिलेलं नाही गं. ती युक्ती आहे, त्या लोकांना टाळायची.”

“युक्ती हाय, बराबर हाय. पन म्हातारा तं खरा ना? मदीच मेला असता तं उघडाच गेला असता.”

ताईंनी पुढची पानं चाळली, मागची चाळली. सगळ्या पुस्तकात राणी काय म्हणते ते होतं, राजा काय म्हणतो ते होतं. म्हाताऱ्याला काय वाटतं हे विचारायचं, लिहिणाऱ्या बाईंनाही सुचलं नव्हतं आणि शिकवणाऱ्या बाईंनाही. सगुणाने उरलेली कोलंबी सोलली, हात धुतले आणि गेली.

घरी आली तेव्हा गोमाजी ओट्यावर होता. तिने चहाचा कप पुढे केला. त्याने एका हाताने धरला, दुसरा हात खाली लावला, तरी निम्मा चहा बशीत सांडला. असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे. कप रोज सगुणाच देत होती आणि तिला ते आज दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली. पोराला मोकळा कर म्हणून म्हाताऱ्याने धोशा लावणं सोडलं होतं. शिमग्यापासून तो एकदाही काही बोलला नव्हता.

“आबा,” ती म्हणाली, “भटाला सांगावा धाडा.”

गोमाजीने कप खाली ठेवला. “आनी मंजुलेच्या पोराचं जावल?”

“जावल राहू दे.”

पुढच्याच अमावास्येला भटजींनी अंगणात दर्भाचा पुतळा बांधला. डोक्याच्या जागी नारळ. दर नारळी पौर्णिमेला सगुणा एक नारळ खाडीला सोडत आली होती, हा तसाच, शेंडीवाला. त्याला नव्या कापडात गुंडाळलं. गावच्या बायका जमल्या. सगुणा भिंतीला टेकून उभी राहिली आणि आता सगळ्या माझ्याकडे बघतील म्हणून तिने पदर पुढे ओढला.

तेवढ्यात गोमाजीने आतून दामाजीची लाल टोपी आणली. ती नारळावर ठेवायला वाकला आणि त्याचा हात एवढा थरथरला की टोपी घसरून खाली पडली. त्याने पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. गोमाजीचा पुतण्या धाकू मदतीला पुढे झाला, त्याला म्हाताऱ्याने ढकललं. तिसऱ्यांदा टोपी बसली. ती दोन्ही हातांनी दाबून धरून गोमाजीने हंबरडा फोडला, “बाला माझे! किती उशीर केला रं तुला!”

बायकांचा बांध फुटला. अंगणभर रडारड झाली. सगुणाकडे कोणी बघत नव्हतं, एकीनेही बघितलं नाही. सगळ्यांचे डोळे म्हाताऱ्यावर होते. शेजारच्या आवडाबाईने तिला खाली बसवून दगडाने बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, तेसुद्धा मान म्हाताऱ्याकडे वळवूनच. सगुणाला रडू आलं नाही ते नाहीच. वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की जी लाज झाकायला तिने म्हाताऱ्याला दोन वर्षं लटकवून ठेवलं, ती बघायला कोणी आलंच नव्हतं.

पुरुषांनी पुतळा खाडीकाठी नेला. अग्नी गोमाजीनेच दिला, धाकूने नुसता कोपर धरला होता. थोड्या वेळाने नारळ फुटल्याचा आवाज घरापर्यंत आला. बायका चपापल्या. सगुणा चूल सारवत होती.

गोमाजी त्यानंतर दीडेक महिना जगला. निवांत होता. सुका जवळा आणि भात खाऊन एका दुपारी आडवा झाला तो उठला नाही. शेजारणी म्हणाल्या, पोराच्या वाटेकडे डोळे लागले होते, आता सुटला. सगुणाने त्याचं सुतक पाळलं आणि पुन्हा पाटी उचलली.

चरईत ती आली तो शुक्रवारच होता. शुभदाताईंनी दार उघडलं, तिचं मोकळं कपाळ बघितलं, उघडे हात बघितले आणि त्या दारातून बाजूला झाल्या. त्यांना कुठून तरी कळलं होतं. सगुणा नेहमीसारखी मोरीपाशी बसली आणि कोलंबी सोलायला लागली. ताई स्टुलावर बसल्या. वाचनालयातून दोनदा निरोप येऊनही पुस्तक त्यांनी परत केलं नव्हतं. खुणेला घातलेलं बसचं तिकीट बऱ्यापैकी मध्यावरच होतं. आज मात्र त्यांनी पुस्तक उघडलं नाही, नुसतं मांडीवर धरून ठेवलं.

“वाचा ना,” सगुणा म्हणाली.

“संपलं गं. मी घरी वाचून काढलं. आता त्यात काही राहिलं नाही.”

“येतो का तो?”

ताईंनी खिडकीकडे बघितलं. “नाही. या बाईंनी बदललंय. नाही येत तो.”

सगुणाने मान वर केली. ताईंच्या मांडीवरचं पुस्तक तिने नीट बघितलं. तिकिटाच्या अलीकडची पानं, पलीकडची पानं.

“तो येत नाय तं मंग येवरी पानं कशाची?” तिने विचारलं.

ताईंचा गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला. जन्मभर मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवत आलेली बाई, खोटं बोलायची सवय असणार कुठून! सगुणाला तिची कणव आली. लेखिकेने बदललं की ताईंनी, हे तिने विचारलं नाही. दामाजीला अग्नी दिला होता, म्हाताऱ्यालाही दिला होता, आणि त्या राजाने यावं की न यावं याने तिच्या चुलीवरचा भात लवकर शिजणार नव्हता.

“राहू द्या,” ती म्हणाली. “येवराच सांगा. म्हाताऱ्याचं कापड पुरं जालं काय?”

“झालं,” ताई घाईघाईने म्हणाल्या. “ते झालं, सगुणा. ते खरंच लिहिलंय. दाखवू का तुला?”

“नको. तुमी सांगताव ना.”

तिने शेवटची कोलंबी सोलली, टरफलं कागदात बांधली, मोरी धुतली. मागे वळून बघते तर ताई चष्मा हातात घेऊन रडत होत्या, अगदी हमसून, घरचं कोणी गेल्यासारख्या. सगुणा क्षणभर उभी राहिली. एवढं रडू एखाद्या बाईला सहज कसं येतं, हे ती बघत राहिली. मग तिने पाटी डोक्यावर घेतली.

“ताई, कोलंबीला मीठ-हलद लावून ठेवा,” ती म्हणाली. “उकाडा हाय. खराब व्हईल.”