चाकणपल्याडची दीर्घिका

मुलांनो, तुमचा मामा फोनवर आपल्या सोयीची हकिगत सांगेल, त्याआधी खरी मी, तुमची आजी, लिहून ठेवते. वाकडच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून तो आजोबांची दुर्बीण भंगारात द्यायला निघाला होता. तिचा आरसा आजोबांनी रोज कंपनीतून सुटल्यावर वर्षभर हाताने घासलेला! मी पैज लावली: साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका (ताऱ्यांचं शहरच म्हणा) तिच्यातून त्याला दाखवली, तर दुर्बीण राहील.

दिवस मीच निवडला. अमावास्येचा गुरुवार. गुरुवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे धूर आणि उजेड जरा कमी.

"अमावास्येला कोणी बाहेर पडतं का?" मामा कुरकुरला.

"सुट्टी चंद्राला आहे, मला नाही."

रावेतवरून निघालो. सुट्टी असूनही चाकणच्या चौकात कंटेनरांमागे तासभर रखडलो. पुढे डोंगराच्या पायथ्याशी हौसाबाईंचं घर. कासारवाडीत राहायचो तेव्हा त्या आम्हाला भाजी द्यायच्या. आता त्यांच्या शेतात भाड्याचं गोदाम उभं आहे. गच्चीवर त्यांनी मासवडी (बेसनाची, नावालाच मासा) वाढली. जेवून दुर्बीण दक्षिणेकडे रोखली, तर गोदामाचा दिवा थेट डोळ्यांत!

"संपलं," मामा खुशीत म्हणाला.

"जागा आमची, मीटर आमचा," म्हणत हौसाबाई खाली गेल्या आणि त्यांनी फ्यूजच काढला. रखवालदार धावत आला.

"मावशी, लाइट गेली?"

"व्हय बाबा. यील अर्ध्या तासात. तवर जेवून घे."

अंधारात मला ती सापडली. मधे उजळ गाभा, त्यातून आरपार गेलेला फिकट दांडा. त्याच्या दोन्ही टोकांपासून लांब भुजा वळतात, पण त्या फोटोत. मला दिसल्या नाहीत, उगाच सांगणार नाही. मामाला तर काहीच दिसेना.

"अरे, थेट बघू नकोस. अंधुक गोष्ट डोळ्याच्या कडेने जास्त दिसते. कांदेपोहे खाताना मुलीकडे बघत होतास ना, तसं तिरकं बघ."

हौसाबाईंना हसता हसता ठसका लागला. मामा बराच वेळ वाकून उभा होता. मग हळूच म्हणाला, "आई... दांडा."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बाबांनी पाहिली होती?"

"कासारवाडीच्या उजेडातून? कधीच नाही."

फ्यूज जागेवर बसवून घेऊन आम्ही निघालो. परतताना चौकात पुन्हा रखडलो, पण तो कुरकुरला नाही. त्या दीर्घिकेतून तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसही नव्हता. एवढ्या लांबून आला आणि शेवटी अडला कशाला, तर गोदामाच्या दिव्याला!

भंगारात चपलांचं कपाट गेलं. दुर्बीण दाराआड उभी आहे.