बाहेर न दिसलेलं रक्त

फ्लॉसीबाई चिडल्या की त्यांच्या तिसरीच्या वर्गाबरोबर शेजारचा वर्गही गप्प बसे. पण १९५६च्या त्या पावसाळ्यात त्यांना जो राग आला, तो शाळेत कधी कुणी पाहिला नव्हता.

त्यांचा नवरा बेसिल केळीच्या वाडीत घसरला आणि घोटा मोडला. प्लास्टर घालून महिनाभर पडून राहिला, तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या आणि रक्त फार पातळ होत नाही ना, ते दर आठवड्याला तपासायला बोलावलं. गावचे डॉक्टर म्हणाले, "मी आहे ना इथे! कशाला धावपळ?" मुंबईची तपासणी राहिली.

गोळ्या सुरू झाल्याच्या बाराव्या दिवशी बेसिलच्या जांघेत कळ उठली. गुडघा पोटाशी घेतला तरच बरं वाटे. पाय सरळ केला की तो किंचाळे. मांडी बधिर झाली होती.

"हिरड्यांतून रक्त येतंय? लघवीतून?" गावच्या डॉक्टरांनी विचारलं. "नाही ना? मग गोळ्यांचा दोष नाही. पडून पडून आखडलाय. चालवा त्याला."

चालवलं. चौथ्या पावलाला बेसिल अंगणात कोसळला. ओठ पांढरेफटक. फ्लॉसीबाईंनी गोळ्यांची बाटली पिशवीत टाकली आणि धाकटा दीर कॉन्रॅड याच्या मदतीने दुपारपर्यंत मुंबईचं इस्पितळ गाठलं.

तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "रक्त आतल्या आत, कंबरेच्या स्नायूत साचलंय. मांडीची नस दाबली गेलीय. फार क्वचित होतं हे, बाई. हजारात एखाद्याला."

"मग त्या एखाद्याला आधी सांगायचं कुणी? जांघ दुखली तर गोळी थांबव, एवढं एक वाक्य जड होतं?"

गोळ्या बंद झाल्या, इंजेक्शनं दिली, कॉन्रॅडचं रक्त चढवलं. बेसिल वाचला, पण उजवा गुडघा चालताचालता दगा देई. वाडी कॉन्रॅडकडे गेली.

घरी आल्यावर फ्लॉसीबाई त्याला हाताला धरून गावच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. "चालवा म्हणाला होतात. चालवत आणलाय. बघा."

"देवाची मर्जी, बाई."

"देवाला मध्ये घालू नका. रक्त तपासायला नको, हे देव नव्हता म्हणाला. तुम्ही म्हणालात!"

रांगेतल्या बायका माना खाली घालून बसल्या.

पुढे फादरांनी क्षमा करायला सांगितलं. "करीन," त्या म्हणाल्या, "चुकलं एवढं म्हणू दे त्यांना."

डॉक्टर ते कधीच म्हणाले नाहीत.