बिरप्पामामाचा पिवळा

बिरप्पामामासारखा पिवळा आख्ख्या सोलापुरात कुनाला जमला न्हाय. मूळचा माळशिरसकडचा धनगर. मेंढरं भावावर सोडून शंकरप्पा मालकाच्या रंगखान्यात आला आन् सूत रंगवाय शिकला. मी तितं पानी भराय हुते.

मामा लई हौसेनं सांगायचा, "वच्छे, ह्ये शिशाचं मीठ पान्यात इरघळतं. ह्ये तांबडं खडंबी इरघळत्यात. पन सुतात दोगांची गाठ पडली की पिवळा जलमतो, आन् त्यो कितीबी धुवा, इरघळत न्हाय!" म्हून सूत आदी शिशाच्या पान्यात बुडवायचं, मग खड्यांच्या.

पन पानी लागायचं लांबच्या तळ्याचं, पावसाचं गोडं. आवारातल्या इरीचं पानी मचूळ. त्यात शिशाचं मीठ टाकलं की ताक व्हायचं, मीठ समदं वाया. मामा रोज वाटीभर पान्यात चिमूट टाकून बगायचा, मगच कामाला लागायचा.

अठ्ठावीस सालच्या उन्हाळ्यात लग्नसराईच्या लुगड्यांचं सूत आलं. ऊन मरनाचं, पाय भाजत हुते. मेलं पानी ते पानी, म्हनत मी इरीचंच भरलं.

मामा घाईत हुता. "तळ्याचं हाय न्हवं?"

"व्हय की!"

माज्या शब्दावर त्यानं वाटी घेतलीच न्हाय. मीठ मीच टाकलं. पानी पांढरंफेक झालं. मामाला दिसू ने म्हून मी झटक्यानं सूत वरनं दाबलं.

धुताना समदा रंग सुटून गटारीत गेला. मालक चारचौगांत वरडला, "हात गेला तुजा! नीघ हितनं!" मामा आपल्याच हाताकडं बगत हुबा. मी मिठाची गुळणी धरून बसले. माजंबी काम जाईल ह्येच भ्याव.

ह्ये मनात लई कुजलं. चार वर्सांनी खरं सांगायचंच म्हून मी मामाच्या गावी गेले. मामा पार वाळल्याला, मेंढरांमागं फिरत हुता. मला बगून हरकला. जवळ बसवलं, आन् मी तोंड उगडायच्या आत त्योच म्हनला,

"वच्छे, माज्या चुकीपायी तुलाबी बोलनी बसली असत्याल. मी पुन्यांदा रंगाला हात लावला न्हाय बग. माजा हातच खोटा निगाला. मला माफ कर, पोरी."

आन् मी मेलीनं काय म्हनावं?

"जाऊ दे मामा, चुकतं मानसाचं. केलं माफ."