आखाजीच्या झोक्याची फांदी

आमच्या घरी बागेचं पत्रक आलं की मी ते आधी चुरगळते आणि मग वाचते. कागद गुळगुळीत असतो, नीट चुरगळला जात नाही, त्यानेही राग येतो.

बाग इंग्रजांच्या वेळची. राणीच्या राज्यात कुणा साहेबाला सुरतेच्या उन्हात विलायत आठवली असणार, म्हणून त्याने तापीच्या काठाशी लोखंडी कारंजं, बँड वाजवायचा गोल चौथरा आणि सरळ रेषेतल्या पायवाटा करून घेतल्या. मधली कितीतरी वर्षं तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग शहराला अचानक आपला वारसा आठवला. बाग बंद झाली, पत्रे लागले, तीन-साडेतीन वर्षांनी उघडली तेव्हा कारंज्यातून पाणी उडत होतं आणि दाराशी रांगेत उभं राहावं लागत होतं. आता तिथे प्रत्येक ऋतूचा एक उत्सव असतो. उत्तरायणाला पतंग, होळीच्या सुमाराला फुलांचं प्रदर्शन, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, हिरवळीवर बसून माव्याची घारी आणि भुसू नावाचं फरसाण. हीच घारी लोक आजही फुटपाथवर चटई टाकून खातात, पण बागेत खाल्ली की ती संस्कृती होते. आणि उन्हाळ्यात झोपाळ्यांचा मेळा. या शेवटच्या मेळ्यात माझा हात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही सुरतेच्या उधन्याचे. वडील मागावर होते. आई घरी साड्यांचे दोरे कापायची, अजूनही कापते, नजर अधू झाली तरी. आमच्या चाळीत वीस घरं, सगळी खानदेशातली, आणि झाड एकही नाही. एक तुळस होती, तीही डब्यात. बाकीचे सण खोलीत भागायचे, आखाजी मात्र खोलीत भागत नाही. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सकाळी पितरांची घागर पुजायची, पुरणपोळी आणि आंब्याचा रस करायचा, आणि दुपारी सासरहून आलेल्या लेकींनी झाडाला दोर बांधून झोके घ्यायचे. लेक माहेरी येते ती या झोक्यासाठी. माझ्या आईला माहेर उरलं नव्हतं. मामा गेले, मागच्यांनी घर विकलं, आणि तिला त्याची खबरही सहा महिन्यांनी लागली.

तिने ती बाग शोधून काढली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. पोलिओचा डोस पाजायला धाकट्याला कुठेतरी नेलं होतं आणि परत येताना सावलीसाठी ती आत शिरली. आत कारंजं कोरडं, गंजलेलं, चौथरा भेगाळलेला, आणि नदीच्या अंगाला एक भलंमोठं कडुलिंबाचं झाड. त्याची एक फांदी आडवी गेलेली होती, माणसाच्या दीडपट उंचीवर, मांडीएवढी जाड. पुढच्या आखाजीला आई दोर घेऊन गेली. म्हाताऱ्या माळ्याला तिने तिच्या मोडक्या गुजरातीत विचारलं, तो बांधा म्हणाला. एवढंच. त्यानंतर तीस वर्षं, दर आखाजीला, चाळीतल्या सहा-सात बाया डब्यात सांजोऱ्या घेऊन तिथे जात होत्या. माळी बदलले, फांदी तीच. आई म्हणायची, ही माझी माहेरची ओसरी. ती असं काही सहसा बोलत नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

झोके झाले की दुसरा खेळ सुरू व्हायचा. आईचं गावही तापीच्याच काठचं, वर खानदेशात. आखाजीला तिथे दोन काठांच्या दोन गावच्या बाया आपापल्या तीरावर उभ्या राहतात आणि पात्रापलीकडे शिव्या देतात. त्याला बार खेळणं म्हणतात. वर्षभर तोंड दाबून राहिलेल्या बाया त्या एका दुपारी जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. नियम दोनच. त्या दिवशीची शिवी कुणी मनाला लावून घ्यायची नाही, आणि शिवीला शिवीनेच उत्तर द्यायचं. जी गप्प राहिली तिच्यावर ती शिवी वर्षभर राहते, असं आई म्हणते. बागेत नदी भिंतीपलीकडे होती, म्हणून बाया कोरड्या कारंज्याच्या दोन बाजूंना उभ्या राहायच्या. माझी आई एरवी दुकानदाराशीही हळू आवाजात बोलणारी, तिथे पदर खोचून असं बोलायची की मी लहानपणी लाजून झाडामागे जायची. माझी लाज तेव्हापासूनची आहे, आणि पुढचं सगळं त्या लाजेतूनच झालं असं मला आता वाटतं.

बाग नवी होऊन उघडली त्या वर्षी आई दोर घेऊन गेली. दारावरच्या गणवेशातल्या माणसाने पिशवी तपासली आणि दोर काढून ठेवला. आत झाडं बघा, फिरा, झोका नाही. बाया कारंज्याला एक फेरी मारून परत आल्या. आईने घरी येऊन दोर खाटेखाली ठेवला आणि जेवली नाही. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, एका झोक्याला तिला दोघींनी धरावं लागायचं. अजून किती आखाज्या तिच्या वाट्याला होत्या? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शाळेत मराठी शिकवते. चाळीतली पहिली शिकलेली मुलगी मी, आणि शिकलेल्या माणसाला राग आला की तो अर्ज लिहितो.

आईने सांगितलं होतं. तिने कातरी खाली ठेवून स्पष्ट सांगितलं होतं, "अर्ज नको लिखू, पोरी. मी माळीले इचारसू. तो नही म्हनना ते दुसऱ्या दिन जाऊत."

मी हसले. आता माळी नसतो, समिती असते, असं तिला समजावलं. आणि काय सुंदर अर्ज लिहिला मी! दोन पानं, मराठीत आणि गुजरातीत. खानदेशी स्त्रियांची परंपरा, तीस वर्षांचा अखंड उपक्रम, नदीशी असलेलं नातं. बारच्या शिव्यांच्या जागी मी 'पारंपरिक गीते' असं लिहिलं. आणि आमच्या मागणीला वजन यावं म्हणून झाडाची जागा, नदीच्या बाजूची आडवी फांदी, दोर घासून पडलेल्या खाचा, सगळं नोंदवलं. वर फांदीचा फोटो जोडला, त्यावर लाल शाईने गोल केला. शाळेत मुख्याध्यापकांना वाचून दाखवला, त्यांनी मान डोलावली.

आठ-दहा महिन्यांनी समितीचं काम बघणाऱ्या बेनचा फोन आला. तिला अर्ज फार आवडला होता. उन्हाळी उत्सवाचा विषयच त्यांनी झोपाळा ठेवला होता, आणि आमच्या बायांना खास बोलावणं होतं. मी चाळीत पेढे वाटले. आईने खाटेखालचा दोर काढून उन्हात टाकला, पीळ तपासला, एका ठिकाणी नवा वळून जोडला. तीन दिवस ती त्या दोराशी काहीतरी करत होती. तिच्या तोंडावर जो आनंद होता त्याचं श्रेय मी मनातल्या मनात घेत होते, हेही सांगायला हवं.

मग सूचना यायला लागल्या. बायांनी नऊवारीत यावं. आईची रोजची साडी चालणार नाही, शिवलेल्या नऊवारी समिती भाड्याने देईल, नथीसकट. गाण्यासाठी सहा मिनिटं. गाण्यात काही वाईटसाईट नको, मुलं असतात. मी सगळ्याला हो म्हणत गेले. फांदी मिळणार होती ना.

आखाजीच्या दुपारी आम्ही सात जणी पोचलो. दाराशी कमान होती, प्लास्टिकच्या झेंडूंची. आत हिरवळीवर लोखंडी सांगाड्यांना पाच झोपाळे टांगलेले, त्यांना गुलाबी कापड गुंडाळलेलं, आणि फोटो काढून घेणाऱ्यांची रांग. जांभळ्या आणि हिरव्या चकचकीत नऊवारीत आमच्या बाया, कुणाची नथ सैल, कुणाचा काष्टा आखूड. आईने नथ घातली नाही, पिशवी मात्र छातीशी धरली होती. ती कुणाकडे न बघता सरळ नदीच्या अंगाला चालत गेली.

झाड होतं. भोवती गोल कठडा होता आणि त्यावर झाडाचं नाव लिहिलेली पितळी पाटी. फांदी नव्हती. जिथून ती निघायची तिथे ताटाएवढी गोल जखम होती, गेरूने रंगवलेली.

बेन हसत हसत मागून आली. चांगली बाई आहे ती, हेच मला सहन होत नाही. तिने मला मिठी मारली आणि सांगितलं की माझ्या अर्जाचा किती उपयोग झाला. फोटो बघून त्यांच्या इंजिनियरने जागेवर येऊन पाहिलं, तीस वर्षं दोर घासून फांदी खचली आहे, उद्या मुलांच्या अंगावर पडली तर कोण जबाबदार, म्हणून उत्सवाआधीच उतरवून घेतली. बाकी झाडाला धक्का लावला नाही. आणि आमच्यासाठी पाच मजबूत झोपाळे केले, गादीसकट. ती खरोखर माझ्या आभाराची वाट बघत उभी होती. मी थँक यू म्हटलं. तोंडातून गेलं ते. आजही ते दोन शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आईला गुजराती सगळं कळतं. बेन गेल्यावर तिने कठड्यावर हात ठेवला आणि तरी विचारलं, "त्यासले कोनी सांगं, कोनती फांदी ते?"

मी सांगितलं. फोटो, लाल गोल, सगळं. दुसरं कोण सांगणार होतं?

स्टेजवरून आमचं नाव पुकारत होते, 'महाराष्ट्र मंडळ' असं काहीतरी, जे आम्ही नव्हतो. आई कारंज्यापाशी गेली, मी तिच्यामागे. पाणी उडत होतं. ती पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली, भाड्याच्या नऊवारीचा पदर खोचला, माझ्याकडे बघितलं आणि सुरू झाली.

माझ्या शिक्षणावर, माझ्या पगारावर, माझ्या लाल पेनावर, मी जन्मले त्या रात्रीवर. तालात, एकामागून एक. आमच्या बाया आधी हसल्या, त्यांना वाटलं आई बार खेळते आहे, आणि ती खेळतच होती. लोक जमले. कुणाला अहिराणी येत नव्हती. त्यांनी ताल धरला, टाळ्या वाजवल्या, एकाने मोबाइल वर धरला. बेन लांबून अंगठा दाखवत होती. आई थांबली आणि वाट बघू लागली. आता माझी पाळी होती.

माझ्याकडे एकही शिवी नव्हती. आयुष्यभर झाडामागे लपून ऐकल्या होत्या, तोंडाला एकही येईना. मी रडत ओरडले की मी हे तुझ्यासाठीच केलं होतं, तुला फांदी मिळावी म्हणून केलं होतं. शुद्ध मराठीत ओरडले, वर्गात ओरडते तसं. कारंज्यापलीकडून आई मान हलवत होती. हे उत्तर नव्हतं. आमच्या बाया हसायच्या थांबल्या. आईने पदर सोडला आणि दाराकडे चालू लागली, आणि लोक अजून टाळ्या वाजवत होते.

रिक्षात ती माझ्याशी नेहमीसारखं बोलली. रस आटवायचा राहिला, उद्या करू, असं काही. नियमच तो, मनाला लावून घ्यायचं नाही. ती नियम पाळणारी बाई आहे. पण मी शिवीला शिवीने उत्तर दिलं नाही, तेव्हा तिचं एकेक वाक्य वर्षभर माझ्या अंगावर आहे, आणि मला ते उतरवायचंही नाही. माझा राग त्या समितीवर आहे. त्या इंजिनियरवर आहे, ज्याला तीस वर्षांचं घासणं दिसलं आणि बाया दिसल्या नाहीत. त्या गुलाबी कापडावर आहे. आणि हे सगळं बोलून झालं की फिरून लाल गोलावर येतो, कारण तो मी काढला होता.

काल यंदाचं पत्रक आलं. सोबत एक छापील फॉर्म. आमचा कार्यक्रम प्रेक्षकांना फार भावला होता, तेव्हा यंदाही सहभागी व्हावं, परंपरेची थोडक्यात माहिती लिहून द्यावी. खाली एक रकाना होता, बागेतली पसंतीची जागा. मी तो फॉर्म चुरगळून टोपलीत टाकला, मग का कोण जाणे, काढून सरळ केला आणि टेबलावर ठेवला. आई खिडकीशी साडी मांडीवर घेऊन दोरे कापत होती. तिला वाचता येत नाही, पण तो गुळगुळीत कागद तिने ओळखला. माझ्या हातात लाल पेन होतं, शाळेच्या वह्या तपासत होते.

"आते कोनती फांदी दखाडशी?" तिने विचारलं, आणि पुन्हा कातरी चालवू लागली.