सुनेची टिकली, माझं कुंकू

दगड लागला आणि सुनेच्या कपाळावरची टिकली रक्तात वाहून गेली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या जर्सी सिटीत टिकली दिसली की तिथल्या पोरांची टोळकी भारतीय बायकांच्या अंगावर येत. पट्टी बांधून घेताना ती म्हणाली, “आई, उद्यापासून मी टिकली लावणार नाही. जॉबला तर जायलाच हवं.” मी विधवा, चार वर्षं माझं कपाळ मोकळं होतं. मी उठले, देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं आणि स्वतःच्या कपाळावर रुपयाएवढं लावलं. “अहो आई, महाराष्ट्र मंडळातल्या काकू काय म्हणतील?” “म्हणू देत. त्या दगड तर मारत नाहीत ना?” सकाळी स्टेशनपर्यंत मी तिच्या पुढे चालले. कोपऱ्यावरच्या टोळक्याने शिव्या दिल्या, पण दगड आला नाही. महिन्याभरात या हल्ल्यांविरुद्ध आपल्या लोकांचा पालिकेवर मोर्चा गेला, तेव्हा सून टिकली लावून पहिल्या रांगेत होती. आज ती साठीची आहे आणि मी नव्वदीला टेकले आहे.