पुदिन्याची हजामत

मेकनेस शहरातल्या एका बोळात रकियाच्या अंगणातल्या पुदिन्याचा तोरा काही औरच होता. लग्न होऊन आल्यापासून तिनं बाजारची एक जुडी घरात येऊ दिली नव्हती. बाजारच्या पुदिन्याचा चहा म्हणजे तिच्या लेखी नुसतं गरम गोड पाणी. पानं खुडायची नाहीत, विळ्यानं जमिनीसरशी मूठ कापायची, हा तिचा खाक्या. म्हणून तर तो असा माजायचा.

मग गुडघे गेले आणि विळा सुनेच्या हाती आला. घिझलान कासाब्लांकाची, चौथ्या मजल्यावर वाढलेली. शेंड्याची चार पानं खुडायची, तीही माफी मागितल्यासारखी. उन्हाळा सरता सरता पुदिना लांबडा झाला, फुलला, पानांवर तांबेरा चढला. चहा कडवट लागायला लागला.

"सगळा काप. जमिनीसरसा," रकिया म्हणाली.

"आणि मेला तर? बोळभर म्हणतील, सून आली नि पुदिना गेला. तुम्हीच कापा, लल्ला." सासूला ती मानानं लल्ला म्हणायची.

"वा गं वा! उद्या मी मेले तरी मलाच उठवशील होय कापायला?"

घिझलानच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग काय, रकिया खरंच वाफ्यात जाऊन बसली! एक मूठ कापली आणि बाईला उठताच येईना. सुनेनं काखेत हात घालून तिला उठवलं, पायरीवर बसवलं आणि स्वतः वाफ्यात उतरली. अख्खा वाफा भादरून काढला. रोगट पाला जाळला, वर शेणखत पसरलं.

हिवाळाभर घरात शीबा नावाच्या कडू झुडपाच्या पाल्याचा चहा. कडूजहर! पण बाजारच्या जुडीचं नाव कुणी काढलं नाही. वाफा मात्र नुसता काळा. घिझलान रोज सकाळी बघून यायची आणि तोंड पाडून परतायची. "धीर धर गं," रकिया म्हणायची. आतून तिचाही जीव टांगणीला लागलेला.

ऊन जरा तापलं आणि जांभळट कोंब वर आले. बघता बघता इतके दाटले की माती दिसेना. शेजारची इत्तो लगेच वाडगं घेऊन हजर.

"रकिया, मुळं दे गं थोडी तुझ्या पुदिन्याची."

"माझा कुठला? मालकीण आत आहे, तिला विचार."

घिझलान विळा घेऊन बाहेर आली.

"देते की," ती म्हणाली, "पण कापायला घाबरायचं नाही हं, मावशी."