पहिल्या घासाचं भांडण

डाळ महागली की बायका माझ्याकडे बघत, कारण एका मासिकात मी स्वस्त, पोटभरीच्या शाकाहारी पदार्थांचं सदर लिहीत असे. पिठल्याच्या आणि थालिपिठाच्या सगळ्या तऱ्हा लिहून झाल्या आणि माझी विद्या संपली. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या चंद्राबाई म्हणाल्या, "आमच्या मुळशीला जाऊन या. माजी आई दगडाचीबी भाजी करंल." मग काय, वैशाखातल्या एका सकाळी मी एसटीत बसले.

पौड मागं पडलं आणि धरणाचं पाणी दिसू लागलं. उन्हाळ्यानं ते पार खाली गेलं होतं, काठचा चिखल भेगाळला होता. फाट्यावर उतरून टेकडी चढताना चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन, चटके खात, उड्या मारत मी चंद्राबाईंच्या माहेरी पोहोचले. पाहुणीला वाटेत विंचू चावला असंच घरच्यांना वाटलं असणार.

दारात चंद्राबाईंच्या आई उभ्या होत्या, सगळे त्यांना आजी म्हणत. आत चंद्राबाईंची भावजय पारू चुलीशी, आणि तिची मुलं भिंतीला टेकून गप्प बसलेली. पारूचा नवरा भूगावकडे बांधकामावर होता. तो धान्य घेऊन येईपर्यंत कणगी (धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली) रिकामीच. कालपासून मुलांच्या पोटात नाचणीच्या आंबिलीशिवाय (पातळ पेज) काही गेलं नव्हतं. मी पाककृती गोळा करायला आले होते आणि या घरात शिजवायलाच काही नव्हतं.

चुलीवर कडू करांदे (रानातले कंद) उकळत होते. पारूनं त्यात मूठभर राख टाकली आणि मी ओरडलेच, "अगं, राख पडली!"

"पडली न्हाई, टाकली," पारू हसली. "बिनराखंचं खाल्लं तर मानूस वकून वकून मरंल."

रात्रभर त्यांचे काप ओढ्याच्या उरल्यासुरल्या धारेत ठेवले होते. आताचं हे शेवटचं उकळणं. मग काप खळखळून धुतले, त्यांना मीठ-मिरची लावली. मुलं सरसावली, आणि सासू-सुनेचं जुंपलं.

"थाळा हिकडं दे. पैला घास माजा."

"न्हाई आत्याबाई. परवा तुमी खाल्लं. आज मी."

"तू गप ऱ्हा. मी म्हातारी हाय."

"म्हून काय रोज तुमीच?"

मला धक्काच बसला. समोर भुकेली लेकरं, आणि या दोघी पहिल्या घासासाठी हातघाईवर! आमच्याकडे बाई शेवटी जेवते, तीही उरलं तर. माझं डोकंच फिरलं. "अहो, आधी मुलांना द्या!" म्हणत मी एक काप उचलला आणि धाकट्या मुलीच्या तोंडाशी नेला.

फाटकन माझ्या हातावर फटका बसला. काप जमिनीवर पडला.

"पोरीला मारायचीय व्हय?" आजी ओरडल्या.

पाहुणीच्या हातावर फटका! शेवटी पारू म्हणाली, "ताई, करांदा कुटं कच्चा ऱ्हायला ते वरनं कळत न्हाई. म्हून आदी एका मोठ्या मानसानं खायाचं. त्याला सोसलं तर पोरांस्नी. पल्याडच्या वाडीत घाई केली, एक पोरगं गेलं."

जमिनीवर पडलेला तो काप मी उचलून चुलीत टाकला. तेवढ्यात पारू किंचाळली. आमचं बोलणं चाललेलं बघून आजींनी एक काप तोंडात टाकलाच होता.

त्यांनी वर एक विड्याचं पान लावलं आणि सावकाश चघळत बसल्या. कुणी थाळ्याला हात लावला नाही. मुलं आजीच्या तोंडाकडे बघत होती, पारू डोळे पुसत होती, आणि मी मनात देवाचा धावा करत होते. पान संपलं तेव्हा आजी म्हणाल्या, "बरी हाय मी. बसा जेवाय."

मीही जेवले. करांदे पिठूळ होते, चार कापांत पोट भरलं.

मी नको म्हणत होते, तरी निघताना आजींनी पावसाळ्यासाठी राखलेले, उकळून वाळवलेले मूठभर काप फडक्यात बांधून दिले. "आदी मोठ्यानं खायाचं. इसरू नका."

पुण्याला आल्यावर मी घरात सगळी हकिकत सांगितली. माझ्या सासूबाई माळ ओढत ऐकत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना माझी एक आमटी धड लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी काप पुन्हा उकळले. मुलांना बाहेर बसवलं आणि वाटी घेऊन मी ओट्याशी उभी राहिले. सासूबाई आत आल्या, माळ फळीवर ठेवली आणि हात पुढे केला.

"आण ती वाटी. तुझी मुलं लहान आहेत अजून."

"नाही आई, मी बघते."

"म्हटलं ना, आण."

त्यांनी वाटी धरली, मी सोडेना. इतकी वर्षं आम्ही मिठावरून भांडलो, तेलावरून भांडलो. त्या दिवशी वाटीवरून भांडलो, आणि भांडता भांडता मला रडू फुटलं.